तिथी पाहून समुद्रावर: मोरवा ते मनोरी

मोरवा हे मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतले, भाईंदर पश्चिमेचे गाव. स्थानकावरून उत्तनकडे जाणारा रस्ता मुर्धा, राई आणि मोरवा या तीन आगरी गावांमधून जातो, मग डोंगरीचा चढ चढून उत्तनच्या कोळीवाड्यात उतरतो. पुढे तोच रस्ता गोराईमार्गे मनोरीच्या जेट्टीवर संपतो. उत्तरेला वसईची खाडी, दक्षिणेला मनोरीची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र अशा या पट्ट्याला पूर्वी धारावी बेट म्हणत. मुंबईतली धारावी वेगळी. लोकलने गाठता येणारा आणि तरीही मिठागरे, खारफुटी, टेकडी, खडकाळ किनारा व पुळण एका दिवसात पायाखाली घालता येईल असा हा भाग आहे. पायी किंवा सायकलने फिरणाऱ्याला सुट्टीचे एक-दोन दिवस त्याने सहज भरतात.

मात्र या सहलीची तारीख कॅलेंडरमधला लाल रंग पाहून ठरवू नये. ती तिथीवरून ठरवावी. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, आणि प्रत्येक दिवशी त्यांची वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाणाची भरती होते. त्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक ४ मीटरांच्या वर जातो. अष्टमीच्या आसपास तो निम्म्याहून कमी होऊ शकतो. याला भांगाची भरती म्हणतात. किनारा जेथे उताराचा आहे तेथे या फरकाने फारसे बिघडत नाही, पण उत्तन-गोराईच्या सपाट किनाऱ्यावर ४ मीटर पाणी उतरले की समुद्र लांबवर मागे जातो, आणि तेच पाणी परत आले की चालायला जागा उरत नाही.

भरतीची वेळ काढण्याचा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला ४ची पाऊणपट ३, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या आधी आणि नंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी व रात्री नऊच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. एकादशीला भरती सव्वाआठला. शुक्ल आणि वद्य या दोन्ही पक्षांना हाच नियम लागतो. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चालावे लागते, आणि नेमकी वेळ छापील तक्त्यातूनच घ्यावी. तरी महिनाभर आधी शनिवार-रविवार निवडायला एवढा हिशेब पुरतो.

या गणितातून सहलीपुरता निष्कर्ष असा निघतो. अमावास्या किंवा पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस ओहोटी सकाळी सहा ते सव्वाआठच्या दरम्यान येते, तीही उधाणाची, म्हणजे सर्वांत खोल. ऊन चढण्याआधी किनाऱ्यावर लांब चालायचे असेल, खडकांतली डबकी पाहायची असतील किंवा ओल्या घट्ट वाळूवरून सायकल न्यायची असेल, तर हेच दिवस धरावेत. एकादशी-द्वादशीचा रविवार आला तर सकाळी किनारा पाण्याखाली असतो, अशा दिवशी सकाळ मिठागरांवर घालवून दुपारी समुद्र गाठावा. ओहोटीच्या दीड-दोन तास आधी निघावे आणि पाणी वळताच आपणही वळावे. भरती एका चालीने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढीचा जेमतेम बारावा हिस्सा येतो, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मे पाणी भरते. म्हणूनच दगडांवर बसलेला माणूस बराच वेळ निश्चिंत असतो आणि मग एकदम चहूबाजूंनी पाण्यात सापडतो.

ऋतू निवडायला फार विचार लागत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने सर्वांत चांगले. मार्चनंतर दमट उकाडा वाढतो. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो आणि खडक शेवाळलेले. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे उत्तनच्या बंदरात होड्या ओढून ठेवलेल्या दिसतात. ज्यांचे पोट समुद्रावर आहे ते ज्या काळात पाण्यात जात नाहीत, त्या काळात पर्यटकाने जाऊ नये, एवढे समजले तरी पुरे. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीवरून वाहतो आणि दुपारनंतर वायव्येकडून समुद्राचा वारा सुटतो. सायकलस्वाराला याचा उपयोग असा की भाईंदरहून दक्षिणेकडे मनोरीला जाताना दुपारचा वारा पाठीशी राहतो. उलट्या दिशेने आल्यास तोच वारा समोरून खावा लागतो.

पहिला टप्पा मोरव्याचा. मुर्धा-राई-मोरवा भागाची ओळख मिठागरांची, आणि मिठागर हाही भरतीवर चालणारा धंदा. उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी आत घ्यायचे, ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडत उन्हात आटवायचे आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ धरले की ते ओढून ढीग घालायचे, असे हे काम हिवाळ्याच्या मध्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत चालते. भाईंदर परिसरातली बरीच मिठागरे आता बंद पडली आहेत. तरी बांध शिल्लक आहेत, आणि उथळ पाणी आहे तेथे हिवाळ्यात पक्षी उतरतात: लाल पायांचे शेकाटे, शेपूट हलवत फिरणारे तुतवार, बगळे, कधी चित्रबलाक. दुर्बीण असेल तर उजाडल्यापासून दोन तास येथे सहज जातात. मिठागरांच्या जमिनी सरकारी किंवा खासगी मालकीच्या असतात, म्हणून बांधावर उतरण्यापूर्वी गावात विचारावे. काम चालू असलेल्या वाफ्यात पाय घालणे म्हणजे कोणाच्या तरी मेहनतीवर पाणी ओतणे.

बांधांपलीकडे खारफुटी लागते. येथे तिवराचे प्रमाण अधिक. चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी टोके म्हणजे या झाडाची श्वसनमुळे. चिखलात हवा नसते, ती मुळांना अशी वरून घ्यावी लागते. खारफुटीत शिरून चालण्याचा मोह टाळावा. मुळे तुडवली जातात, आणि चिखल मांडीपर्यंत खेचतो. राज्याच्या वन विभागाने २०१२ मध्ये खारफुटीसाठी स्वतंत्र कक्ष स्थापन केला आणि सरकारी जमिनीवरची खारफुटी राखीव वन म्हणून संरक्षित झाली, ही बाबही लक्षात असावी. या भागावर शहराचा दाब किती आहे हे मेट्रोच्या वादातून दिसले. दहिसर ते मिरा-भाईंदर मार्गाची कारशेड आधी राई-मुर्धा-मोरवा येथे होणार होती. गावकऱ्यांच्या विरोधानंतर ती डोंगरीकडे हलली आणि तेथे झाडे तोडण्यावरून नवा वाद उभा राहिला.

मोरव्यानंतर रस्ता चढू लागतो. चढ मोठा नाही, पण साध्या सायकलवर दम काढतो. याच बाजूला धावगी येथे शहराचा घनकचरा प्रकल्प आहे. वारा प्रतिकूल असेल तर दुर्गंध येतो. सहलीच्या जाहिरातीत ही गोष्ट नसते, नियोजनात मात्र असावी: न्याहारीचा थांबा येथे घेऊ नये.

उत्तनजवळचे चौक गाव हा या सहलीतला सर्वांत मोलाचा थांबा. वसई खाडीच्या मुखावरच्या या उंचवट्यावर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. तटबुरूज पाहायचे म्हणून आलेला माणूस निराश होईल. पाहायची आहे ती जागा. समोर खाडीपलीकडे वसईचा किल्ला, डावीकडे उघडा समुद्र. वसईला जलमार्गाने येणारी रसद याच मुखातून आत जाई. चिमाजी अप्पांच्या १७३७-३९ च्या वसई मोहिमेत या ठाण्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज का झुंजले, हे पुस्तकातल्या नकाशापेक्षा येथे उभे राहिल्यावर लवकर कळते. वसई मे १७३९ मध्ये पडली. ज्यांना तीही बाजू पाहायची आहे त्यांच्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर-वसई रो-रो बोटसेवा सुरू झाली. वसईची जेट्टी किल्ल्याला लागूनच आहे, त्यामुळे सायकल बोटीवर चढवून दुसरा दिवस वसईच्या कोटात घालवता येतो. एरवी रस्त्याने घोडबंदरचा मोठा वळसा पडतो.

उत्तनला कोळी ख्रिस्ती वस्ती मोठी आहे. पोर्तुगीज काळापासूनची ही परंपरा चर्च, क्रूस आणि घरांच्या रचनेत दिसते. वेलंकनी मातेच्या तीर्थस्थानी ८ सप्टेंबरच्या सणाला गर्दी लोटते. शांतपणे फिरायचे असेल तर ते दिवस टाळावेत, सोहळा पाहायचा असेल तर तेच गाठावेत. हंगामात किनाऱ्यावर बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात. येथील मच्छीमार डोल जाळ्याने मासे धरतात. खुंटांना बांधलेले हे नरसाळ्याच्या आकाराचे जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहाला तोंड करून असते आणि पाणीच मासे त्यात आणून सोडते. म्हणजे कोळ्याच्या कामाची वेळही घड्याळावर नाही, पाण्यावर आहे. वाळवणाच्या जागेतून सायकल नेऊ नये आणि विचारल्याशिवाय लोकांचे फोटो काढू नयेत.

पोहण्याच्या बाबतीत स्पष्ट बोललेले बरे. हा किनारा पोहण्यासाठी चांगला नाही. पाणी गढूळ, तळाला गाळ, मध्ये खडक, आणि खाड्यांच्या मुखांशी ओहोटीचा ओढा जोरदार. पॅरासेलिंग, स्कूबा, जलक्रीडा असे मनात असेल तर मालवण-तारकर्ली गाठावे. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्रच आहे. मोरवा-उत्तनच्या सहलीत श्रम पायांना पडतात, आणि तेच तिचे वैशिष्ट्य मानावे.

उत्तनहून गोराईकडे जाताना केशवसृष्टी आणि रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीचा परिसर लागतो. पुढे गोराईला ग्लोबल विपश्यना पॅगोडा. ८ फेब्रुवारी २००९ रोजी उद्घाटन झालेली ही वास्तू ३२५ फूट उंच असून आतला घुमट एकाही खांबाच्या आधाराशिवाय उभा आहे. सुमारे ८,००० साधक तेथे एका वेळी बसू शकतात. भाईंदर स्थानक ते मनोरी जेट्टी हे अंतर २० किलोमीटरच्या आसपास भरते. सरावाच्या सायकलस्वाराला ते दीड तासाचे काम, पण थांबत जाणाऱ्याने अर्धा दिवस धरावा. चालणाऱ्यांनी अख्खा रस्ता पायी करण्याचा हट्ट धरू नये: मोरव्याचे बांध, चौकचा उंचवटा आणि गोराईची पुळण हे तीन तुकडे चालावेत, मधले अंतर महापालिकेच्या बसने किंवा रिक्षाने कापावे.

खाण्याची आबाळ होत नाही. आगरी घरची तांदळाची भाकरी, सुका बोंबील, चिंबोरीचा रस्सा, आणि नशीब असेल तर खाडीच्या चिखलातल्या निवट्या. उत्तनला ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या ख्रिस्ती घरांचा बॉटल मसाला घातलेले कालवण मिळाले तर सोडू नये. मुक्कामासाठी उत्तन, गोराई आणि मनोरी येथे लहानमोठी विश्रामस्थळे आहेत. शनिवार-रविवारी ती भरतात, म्हणून आगाऊ नोंदणी करावी. प्रत्येकाने दोन लिटर पाणी, टोपी, पकड असलेल्या सोलाचे बूट (वाळूसाठी चपला वेगळ्या), सायकल असल्यास पंक्चरचे सामान घ्यावे. परतल्यावर सायकलची साखळी गोड्या पाण्याने पुसून तेल घालावे, खारी हवा दोन दिवसांत गंज धरवते.

निघण्याच्या आदल्या रात्री उंच लाटांचा इशारा आहे का ते पाहावे. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था किनाऱ्यासाठी असे इशारे देते. किनाऱ्यावर संकट आल्यास ११२ आणि समुद्रात असल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक फोनमध्ये साठवलेले असावेत. मनोरीहून मार्वेला आणि गोराईहून बोरिवलीकडे बोटी जातात, दुचाकीही नेतात, त्यामुळे आल्या वाटेने परत फिरावे लागत नाही. शेवटची बोट किती वाजता सुटते हे मात्र सकाळीच विचारून घ्यावे. ती चुकली तर अंधारात पुन्हा भाईंदरपर्यंतचा सगळा रस्ता तुडवावा लागतो.