चाक लहान होत नाही

इंदूरच्या दक्षिणेला माळव्याचं पठार एकदम संपतं. महू मागे टाकून जाम गेटला पोहोचलं, की अहिल्याबाईंच्या काळातल्या त्या दरवाजातून रस्ता थेट निमाडात उतरू लागतो. खंडव्याच्या वाटेवर भेरू घाटातही तेच. म्हणजे इथून दक्षिणेला निघालेल्या सायकलस्वाराला जाताना उतार मिळतो आणि परतताना, पाय थकलेले असताना, चढ. पहिली रोड बाइक घेणाऱ्या इंदूरच्या मुलीने रंग बघण्याआधी दात मोजावेत, ते यासाठी.

दात म्हणजे चेन ज्यांवरून फिरते त्या चक्रांचे. पुढे 50 आणि 34, मागे 11 ते 34, ही आजच्या बऱ्याच रोड बाइकची मांडणी. पुढे 34 आणि मागेही 34 लावलं, की पॅडलच्या एका फेरीत चाकाची एकच फेरी होते आणि सायकल साधारण 2.1 मीटर सरकते. आता पुढे 50 आणि मागे 11 लावा. तीच फेरी, तोच पाय, आणि सायकल साडेनऊ मीटर पुढे! मला तर हे आजही जादूसारखं वाटतं. यात इंजिन नाही, बॅटरी नाही, फक्त दातांचा भागाकार आहे. जुनी रेसिंग सायकल स्वस्तात मिळत असेल तर मागचं सर्वात मोठं चक्र मुद्दाम बघा. तिथे 25 दात आणि पुढे 39 असतील, तर सर्वात हलक्या गिअरमध्येही एका फेरीला तीन मीटरहून जास्त अंतर ओढावं लागतं. शहरातल्या सपाट सुपर कॉरिडॉरवर ते खपून जाईल, घाटात गुडघे बोलायला लागतील.

याहून नवल चाकाचं. फ्रेम उंचीप्रमाणे लहान-मोठी मिळते, चाक मात्र जवळजवळ सगळ्यांना एकच: टायरसकट सुमारे 68 सेंटिमीटर व्यासाचं. सहा फुटी माणसालाही तेच आणि पाच फुटी मुलीलाही तेच. फ्रेम आखडते तसं पुढचं चाक पॅडलच्या जवळ येतं आणि हळू वळताना बुटाचं टोक टायरला घासतं. जॉर्जिना टेरी या अमेरिकी अभियंता बाईंनी यावर सरळ उपाय काढला: पुढचं चाकच 24 इंची, मागचं नेहमीचं. 1985 मध्ये त्यांनी बायकांसाठी सायकली बनवणारी कंपनी काढली. त्या सायकली दिसायला विचित्र होत्या, पण लहान चणीच्या बायकांना त्या बेतशीर बसायच्या. आज काही कंपन्या सर्वात छोट्या फ्रेमला दोन्ही चाकं थोडी लहान देतात. दुकानात पाहायचं एवढंच: सीटवर बसून एक पॅडल पुढे आडवं धरा आणि हँडल वळवा. वेगात हँडल एवढं वळतच नाही, त्यामुळे किंचित घासलं तर चालेल. पण राजवाड्याच्या गर्दीतून रोज जायचं असेल तर नको.

मग 'लेडीज' मॉडेलच घ्यावं का? बायकांचे पाय लांब आणि धड आखूड असतं, असं गृहीत धरून वर्षानुवर्षं वेगळ्या फ्रेम बनल्या. स्पेशलाइज्ड कंपनीने हजारो स्वारांची मापं तपासून 2019 मध्ये उलट निष्कर्ष काढला: बाई-पुरुषांतल्या फरकापेक्षा दोन बायकांतलाच फरक मोठा असू शकतो. जायंटच्या 'लिव्ह'सारख्या खास बायकांसाठीच्या सायकली आजही निघतात आणि कुणाला त्या नेमक्या बसतात. पण स्टिकरवर जाऊ नका, 'एस' या अक्षरावरही नाही. एका कंपनीचा 'एस' दुसरीचा 'एम' असतो. स्टॅक आणि रीच हे दोन आकडे विचारा. पॅडलचे दांडे ज्या मधल्या धुरीवर फिरतात, तिथपासून हँडल बसतं त्या नळीचं वरचं टोक किती उंच आणि किती पुढे आहे, ते यातून कळतं. म्हणजे पाठ किती वाकेल आणि हात किती ताणले जातील, त्याचा अंदाज येतो.

सीटच्या उंचीचं माप घरीच निघतं. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, जाड पुस्तक मांड्यांमध्ये वर टेकवायचं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. आलेल्या आकड्याला 0.883 ने गुणायचं. 74 सेंटिमीटर आले, तर त्याच मधल्या धुरीपासून सीटच्या माथ्यापर्यंत सुमारे 65. ही सुरुवात, पुढे थोडं वरखाली करावं लागतंच.

शरीर सायकलला पाचच जागी टेकतं: दोन हात, दोन पाय आणि बैठक. पुण्याची वेदांगी कुलकर्णी जेमतेम विशीत, 2018 मध्ये, सुमारे 29,000 किलोमीटर सायकल चालवून जगाला फेरी मारून आली, तीही याच पाच जागांच्या भरवशावर. सीट बैठकीच्या दोन हाडांना आधार देईल इतकी रुंद हवी. मऊ गादीला भुलू नका. हँडल खांद्यांएवढं रुंद असावं. ब्रेकच्या दांडीवर बहुधा एक बारीकसा स्क्रू असतो. तो फिरवला की दांडी हँडलजवळ येते आणि छोट्या हाताची बोटं तिच्यावर नीट पोहोचतात. घाट उतरताना याच स्क्रूवर भरवसा असतो, आणि अनेक दुकानांत त्याला कुणी हातही लावत नाही. तुम्ही आठवणीने सांगा.

टायर 28 किंवा 32 मिलिमीटरचे बसतील अशी फ्रेम घ्या. रुंद टायर हवा थोडी कमी ठेवूनही वेग फारसा घालवत नाही आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे सोसतो. बजेटमधून हेल्मेट, दिवे आणि पंपाचे पैसे आधीच बाजूला काढा. आणि पैसे मोजण्याआधी निदान अर्धा तास सायकल चालवून बघायला मागा. दुकानदार नाही म्हणाला, तर दुसरं दुकान गाठा.