पेराएवढा पर

सिअ‍ॅटलच्या उत्तरेला, प्युजेट साउंड या आत घुसलेल्या समुद्राच्या पश्चिम काठावर ‘पॉइंट नो पॉइंट’ नावाचं एक रेताड टोक आहे. १८४१ साली चार्ल्स विल्क्सच्या सर्वेक्षण मोहिमेला ते लांबून मोठं वाटलं, जवळ गेल्यावर फारसं काही उरलं नाही, म्हणून हे नाव. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पहाटे तिथल्या जुन्या दीपस्तंभाच्या पायथ्याशी छातीपर्यंतच्या रबरी विजारी चढवलेली माणसं पाण्यात रांगेनं उभी दिसतात. टोकाला वळसा घालताना प्रवाहात भोवरे पडतात, त्यात हेरिंगसारखी बारीक मासळी अडकते आणि तिच्या मागावर साल्मन येतो. चिनूक, कोहो आणि विषम सालांत लाखोंनी येणारा पिंक.

साल्मन म्हटलं की आपल्याला रावस आठवतो, कारण बाजारात त्याला ‘इंडियन साल्मन’ म्हणतात. प्रत्यक्षात दोघांचं कूळ वेगळं. स्वभावानं साल्मनच्या जवळचा आपला पाला, म्हणजे बंगाल्यांचा हिल्सा. दोघंही समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला नदीत चढतात. मात्र पॅसिफिकचे हे तिन्ही साल्मन एकदा वीण झाली की मरतात. टोकापाशी हौशी माणसाला बहुधा भेटतो तो या शेवटच्या वाटेवरचा मासा.

काठावरचे लोक ‘बझ बॉम्ब’सारखं जड धातूचं आमिष लांब भिरकावतात. होडीवाल्यांची जुनी तऱ्हा ‘मूचिंग’ची. हेरिंगचं डोकं तिरकं छाटायचं, उरलेला मासा गळाला लावायचा आणि वाहत्या होडीतून सावकाश खालीवर करायचा. तो जखमी माशासारखा गरगरतो. चिनूक खोलवर असला तर ‘डाउनरिगर’ लागतो. तारेला बांधलेला पाचेक किलोंचा गोळा आमिषाची दोरी खाली नेतो. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते आणि काठी एकदम ताठ होते.

चिनूक होडीशी आला की अनुभवी माणूस आधी वजन पाहत नाही. पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे, बोटाच्या पेराएवढा एक मऊ पर असतो. त्याची नजर तिथे जाते. पर छाटलेला असेल तर मासा हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेला. हंगाम खुला असेल आणि लांबी भरत असेल तर तो ठेवता येतो. पर शाबूत असेल तर मासा रानटी धरायचा. त्याला होडीत उचलून घेणंसुद्धा बेकायदा, पाण्यातच गळ सोडवायचा. म्हणून गळाला उलटा काटा चालत नाही. ठेवलेला मासा तिथल्या तिथे कार्डावर नोंदवायचा. धक्क्यावर मत्स्यखात्याची माणसं नाकाडापाशी यंत्र फिरवतात, कारण हॅचरीच्या काही पिल्लांच्या नाकाडात मिलिमीटरभर तार टोचलेली असते. तिच्यावरच्या आकड्यांवरून मासा कोणत्या हॅचरीचा, कोणत्या सालचा, ते कळतं.

छंदाला एवढं वहीखातं कशाला? उत्तराचा एक धागा याच रेतीत आहे. २६ जानेवारी १८५५ रोजी गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्सनं इथे स्क्लालम, चिमाकम आणि स्कोकोमिश लोकांशी तह केला. जमीन गेली, पण नेहमीच्या जागी, इतर नागरिकांच्या बरोबरीनं मासे धरण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला. कागदावरचा हा हक्क पुढे पायदळी गेला. असाच तह केलेल्या निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनिअर यांना मासे धरल्याबद्दल पहिली अटक १९४५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी झाली. पुढे अटकांनी पन्नाशी ओलांडली. १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी ‘बरोबरीनं’ याचा अर्थ लावला: धरता येण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा तह केलेल्या जमातींचा. हौशी आणि धंदेवाईक मच्छीमार खवळले. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयानं निकालाचा गाभा कायम ठेवला.

तोवर वाटायचा मासाच आटत चालला होता. धरणं, जंगलतोड, रस्त्यांखालच्या अरुंद मोऱ्या यांनी नद्या तोडल्या. १९९९ साली प्युजेट साउंडचा चिनूक संकटग्रस्त यादीत गेला. त्यावर जगणारे इथले ओर्का देवमासे आता जेमतेम सत्तर-पंचाहत्तर उरलेत. म्हणून दर वसंतात राज्य आणि जमाती एकत्र बसून विभागवार कोटा ठरवतात.

या कोट्याचा एक नियम नवख्याला चक्रावतो. सोडून दिलेले काही मासेही पुढे मरतात, असं धरून त्यांचा भार हिशेबात घेतला जातो. त्यामुळे पर शाबूत असलेले मासे फार लागू लागले, तर ठेवण्याजोग्या माशांचा कोटा शिल्लक असतानाही हंगाम बंद होऊ शकतो. पहाटेपासून पाण्यात उभा असलेला माणूस रिकाम्या हातानं घरी जातो, तरी त्याच्या नावावर मासा चढलेला असतो.