कांदा कोणत्या सूचीत?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कायदे करण्याचे विषय संघ, राज्य आणि समवर्ती अशा तीन सूचींत वाटले आहेत. शेती राज्य सूचीत (नोंद १४), बाजार व जत्राही तिथेच (नोंद २८). म्हणजे लासलगावचा कांदा राज्याच्या अखत्यारीतला, असे वाटते. पण परदेश-व्यापार संघ सूचीत आहे (नोंद ४१). शिवाय १९५४च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीतील नोंद ३३ बदलली आणि अन्नपदार्थांचे उत्पादन, पुरवठा व व्यापार तिच्यात आले. तिथे केंद्र आणि राज्य यांचे कायदे एकमेकांशी विसंगत ठरले, तर अनुच्छेद २५४नुसार सामान्यतः केंद्राचा टिकतो.

डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. बंदी मे २०२४मध्ये उठली. शहरी ग्राहकाची स्वस्ताईची मागणी खोटी नव्हती. पण तिची किंमत उत्पादकाने मोजली, आणि ज्या विधानसभेसाठी तो मत देतो तिच्या हाती हा निर्णय नव्हताच. कांदा शेतात असेतो राज्याचा, बंदराकडे निघाला की केंद्राचा. म्हणून आधी नोंद पाहावी, मग जाब विचारायला दार ठोठावावे.