लेथबरोबर आलेली पेटी

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्वतःचा गाळा थाटणारा कारागीर पहिला लेथ बहुधा जुनाच घेतो. बेड किती झिजला, मोटर कशी चालते, हे तो बारकाईने पाहतो. सोबतची तेलकट पेटी मात्र अनेकदा न उघडताच टेम्पोत चढते. पण मंडळी, हा लेथ कोणकोणती कामे करील, ते बरेचसे या पेटीवरच ठरते.

आधी चक पाहावेत. एकाच किल्लीने तिन्ही जबडे, म्हणजे कारागिरांच्या भाषेत जॉ, एकदम सरकले तर तो ट्रू चक. तो गोल काम चटकन मध्यावर धरतो. चारही जॉ वेगवेगळे सरकत असतील तर तो डॉग चक. चौकोनी, वेड्यावाकड्या कामासाठी. ट्रू चकच्या जॉवर 1, 2, 3 असे आकडे असतात. त्याच क्रमाने ते बसवावे लागतात. एका चकचे जॉ दुसऱ्याला सहसा नीट जुळत नाहीत.

खाचा असलेली बिडाची जड थाळी म्हणजे फेसप्लेट. तीन बोटांची कडी बेडवर पक्की बसते आणि लांब शाफ्टला आधार देते, ती स्टेडी. दोन बोटांची सॅडलबरोबर सरकते. ती ट्रॅव्हलिंग स्टेडी.

तळाशी सुटे गिअर असतील. ते भंगार समजू नये, त्यांचे दात मोजावेत. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला; पण इंची लीडस्क्रूचे लेथ आजही बाजारात येतात. त्यांवर मिलिमीटरचे आटे अगदी अचूक पाडायला 127 दातांचा गिअर लागतो. कारण एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, आणि त्याची पाचपट 127. तो नसेल, तर अचूक मेट्रिक आट्यांचे काम दारातून परत जाते.

हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे लेथ अजून विकले जातात, पण तो कारखाना बंद पडून बरीच वर्षे झाली. हरवलेला भाग तिथून मागवता येत नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी पेटी जमिनीवर रिकामी करावी, दोन्ही चक आणि फेसप्लेट त्याच लेथच्या स्पिंडलवर चढवून पाहावेत, आणि जे नाही त्याची किंमत सौद्यातून वजा करावी.