साखरेवाचून अमिनो आम्ले : एक मागोवा

प्रथिनांची घटकद्रव्ये असलेली अमिनो आम्ले विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुख्यतः गव्हातील ग्लुटेनसारख्या प्रथिनांचे विघटन करून मिळवली जात. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये शुकुओ किनोशिता व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लुटामिक आम्ल पेशीबाहेर टाकणारा, पुढे कोरायनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम म्हणून ओळखला गेलेला जिवाणू शोधला आणि हा उद्योग किण्वनाकडे वळला. मात्र त्या जिवाणूला कार्बन मिळतो तो साखरेतून, म्हणजे वनस्पतींनी हवेतून घेतलेला कार्बनच शेतामार्गे किण्वनटाकीत पोहोचतो. हा वळसा टाळण्याचे प्रयत्न पुढे जनुकीय अभियांत्रिकीने केले.

इस्रायलमधील वाइझमन संस्थेत रॉन मिलो यांच्या गटाने ई. कोलाय या परपोषी जिवाणूत केल्विन चक्र, म्हणजे वनस्पतींमधील कार्बन बांधणाऱ्या अभिक्रियांची साखळी, बसवले. २०१६ मध्ये त्याने कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा घडवल्या, पण ऊर्जेसाठी त्याला पायरुव्हेट हे सेंद्रिय संयुग पुरवावे लागे. २०१९ मध्ये फॉर्मेट या साध्या, एककार्बनी संयुगापासून ऊर्जा घेणारे विकर जोडून, साखरेची टंचाई राखत सुमारे २०० दिवस वाढवलेल्या जिवाणूंच्या शरीरातील सारा कार्बन कार्बन डायऑक्साइडमधून येऊ लागला. पुरवलेल्या कार्बन डायऑक्साइडमधील जड कार्बनची खूण त्यांच्या प्रथिनांतील अमिनो आम्लांत सापडली, हा त्याचा पुरावा होता. तथापि ऊर्जेसाठी फॉर्मेटचे ऑक्सिडीकरण होताना, बांधल्या गेलेल्या वायूहून अधिक वायू बाहेर पडत होता.

२०२० मध्ये जर्मनीतील पॉट्सडॅम-गोल्म येथील माक्स प्लांक संस्थेत आरेन बार-एव्हन यांच्या गटाने ई. कोलायमध्येच निराळी वाट यशस्वी केली. तीत फॉर्मेट, कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया यांच्या संयोगातून प्रथम ग्लायसीन, त्यापासून सेरीन आणि पुढे पायरुव्हेट तयार होते. त्यामुळे अमिनो आम्ल हे चयापचयाचे प्रवेशद्वारच ठरते. केल्विन चक्रावरील जिवाणूंना संख्या दुप्पट करण्यास सुमारे १८ तास लागत, तर हे जिवाणू आठ तासांच्या आत दुपटीने वाढले.

या दोन्ही प्रयोगांतील पेशी अमिनो आम्ले घडवतात ती स्वतःच्या वाढीसाठी, त्यामुळे किनोशितांच्या जिवाणूप्रमाणे ती विपुल प्रमाणात बाहेर टाकणे हा टप्पा निराळा आहे. शिवाय कार्बन बांधण्याची यंत्रणा उसनी घेता आली, तरी ऊर्जेचा पुरवठा बाहेरूनच करावा लागतो. फॉर्मेट विजेच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइडपासून बनवता येते, पण ती वीज कोळशातून आली तर साखर वाचवूनही वातावरणावरचा भार हलका होत नाही.