तार तुटते भामरागडात, हिशेब होतो चंद्रपुरात

ऊर्जानगरच्या वसाहतीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, तशाच मनोऱ्यांच्या रांगाही दिसतात. चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची आजची क्षमता २९२० मेगावॉट आहे, आणि चंद्रपूरहून निघालेली उच्चदाब डीसी वाहिनी सुमारे साडेसातशे किलोमीटर धावून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला पोचते. मनोऱ्यांवरच्या तारा वीज वाहतात एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण देशातल्या अनेक पारेषण वाहिन्यांच्या अगदी शेंड्यावर जी अर्थवायर असते, तिच्या पोटात काचेचे तंतू घातलेले असतात आणि त्यांतून माहिती धावते. तंतूंच्या टोकांना राउटर नावाची यंत्रे बसलेली असतात. आलेला मजकूर पुढे कुठल्या वाटेने पाठवायचा हे ती ठरवतात, आणि ते ठरवताना कोणी कोणाबद्दल किती माहिती ठेवायची याचे नियम माणसाने आखून दिलेले असतात. हे नियम आखण्याचे काम थंड खोलीत, पडद्यासमोर बसून होते. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जंगलाच्या आणि नद्यांच्या मुलुखात मात्र त्यांची सीमा कुठून जावी हे नदी, रस्ता आणि खाण यांना विचारूनच ठरवायला हवे, असे मला वाटते. तालुक्याच्या हद्दी त्यासाठी पुरेशा नाहीत.

आधी हे राउटर काम कसे करतात ते पाहू. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अमेरिकेतल्या अर्पानेटवर सुरुवातीला प्रत्येक यंत्र फक्त शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबून असे. शेजाऱ्याने सांगितले की अमुक ठिकाण इतके दूर आहे, की त्यात आपले अंतर मिळवायचे. वाट तुटली की ही सांगोवांगी बराच वेळ चुकीची फिरत राही. म्हणून १९७९ मध्ये तिथे नवी पद्धत आली, तिला लिंक-स्टेट म्हणतात. यात प्रत्येक राउटर फक्त स्वतःच्या तारांची अवस्था जाहीर करतो आणि ती जाहीर पत्रिका जशीच्या तशी सगळ्यांपर्यंत पोचवली जाते. परिणामी प्रत्येकाकडे संपूर्ण जाळ्याचा एकसारखा नकाशा तयार होतो. त्या नकाशावर डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत चालवून प्रत्येक राउटर स्वतःपासूनची सर्वांत जवळची वाट काढतो. पद्धत प्रामाणिक आहे आणि वेगवानही आहे. तिची किंमत एवढीच की कुठेही एक तार तुटली तर नकाशा सगळ्यांचा बदलतो. गडचिरोलीतल्या भामरागडात तुटलेल्या तारेचा हिशेब चंद्रपूरच्या राउटरलाही पुन्हा मांडावा लागतो, आणि तार दर दोन मिनिटांनी जुळत-तुटत राहिली तर तो पुन्हा पुन्हा मांडावा लागतो.

या पसाऱ्याला आवर घालण्यासाठी जाळ्याचे विभाग पाडून दोन पातळ्या करण्याची सोय आयएस-आयएस या पद्धतीत आहे. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीत ती घडली, रेडिया पर्लमन यांचा तिच्यात मोठा वाटा होता, आणि १९९० पासून ती इंटरनेटच्या पत्त्यांसाठीही वापरता येऊ लागली. लेव्हल १ चे राउटर आपल्या विभागाचा पूर्ण नकाशा ठेवतात, बाहेरचे काही जाणत नाहीत. लेव्हल २ चे राउटर विभागांना जोडणारा कणा सांभाळतात. दोन्ही पातळ्यांवर काम करणारे काही राउटर विभागाच्या सीमेवर असतात आणि आतल्यांना इतकेच कळवतात, की बाहेर जायचे असेल तर माझ्याकडे या. आतला राउटर मग सर्वांत जवळचा असा सीमेवरचा राउटर निवडतो. विभागातली तार तुटली की पूर्ण नकाशाचा नवा हिशेब विभागापुरता राहतो.

अशी सीमा काय साधते याचा दाखला चंद्रपूर जिल्ह्यातच आहे, आणि तो विजेचा आहे. भद्रावतीला पॉवरग्रिडचे हजार मेगावॉटचे बॅक-टू-बॅक केंद्र आहे. पश्चिम आणि दक्षिण विभागांच्या वीजजाळ्यांमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ते उभे आहे. एका बाजूची एसी वीज तिथे डीसी होते आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा एसी होऊन निघते. त्यामुळे वीज पलीकडे जाते, पण त्या दुव्यातून एका जाळ्याची थरथर दुसऱ्यात उतरत नाही. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य विभागांची वीजजाळी एकापाठोपाठ कोसळली आणि देशाच्या जवळपास निम्म्या लोकसंख्येचा प्रदेश अंधारात गेला. पश्चिमेचे जाळे त्या धक्क्यात वेगळे पडले म्हणून टिकले. दक्षिणेचे तर बाकीच्या देशाशी नातेच मुळी भद्रावतीसारख्या डीसी दुव्यांमधून होते, म्हणून तेही उभे राहिले. लेव्हल १ आणि लेव्हल २ मधल्या सीमेकडून नेमके हेच हवे असते. वाहतूक पलीकडे जावी, गोंधळ अलीकडेच राहावा.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला असतो, आणि तो बिनबुडाचा नाही. आजचा राउटर हजार राउटरांच्या जाळ्याचा हिशेब काही मिलिसेकंदांत उरकतो. मोठमोठ्या दूरसंचार कंपन्या सगळे जाळे सपाट, एकाच पातळीवर सुखाने चालवतात. मग दोन जिल्ह्यांसाठी हा खटाटोप कशाला? हिशेबाच्या ओझ्यापुरते हे म्हणणे मला मान्य आहे. १९९० मध्ये विभाग पाडण्याचे जे कारण होते ते आज उरलेले नाही. पण चूक पसरण्याचे कारण उरले आहे. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अर्पानेट काही तास पूर्ण बंद पडले. एका यंत्राच्या बिघाडामुळे त्याच्या पत्रिकांचे अनुक्रमांक बिघडले होते. तीन पत्रिका अशा निघाल्या, की पहिलीपेक्षा दुसरी नवी, दुसरीपेक्षा तिसरी नवी आणि तिसरीपेक्षा पुन्हा पहिली नवी ठरावी. प्रत्येक यंत्र त्या निमूटपणे पुढे ढकलत राहिले आणि बाकीची कामे थांबली. आजच्या पद्धतींत त्यावर उपाय आहेत. पण तत्त्व बदललेले नाही. जितक्या राउटरांमध्ये पत्रिका फिरते, तितक्यांपर्यंत तिच्यातली चूक जाते. रात्रपाळीच्या अभियंत्याने एका राउटरवर चुकीची ओळ टाकली तर तिचा फटका एका विभागाला बसावा की दोन जिल्ह्यांना, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रोसेसरच्या वेगात सापडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. सीमा गोंधळ अडवते तशी माहितीही अडवते. आतल्या राउटरला बाहेरचा नकाशाच दिसत नाही, म्हणून तो जवळचे दार निवडतो, मग त्या दारातून पुढची वाट कितीही लांबची असो. सीमेवरून बाहेरचे निवडक पत्ते आत सोडण्याची सोय २००० साली रीतसर मिळाली, पण जितके पत्ते सोडाल तितकी सीमा पातळ होते. वीजजाळ्यातही ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण विभाग उरलेल्या देशाशी एकाच तालावर जोडला, कारण देवाणघेवाण वाढवायची तर फक्त डीसी दुव्यांवर भागणार नव्हते. म्हणजे सीमा काढून टाकणे हाही शहाणा निर्णय असू शकतो. मी तर म्हणेन, चंद्रपूर शहर, ऊर्जानगर, बल्लारपूर, वरोरा असा पट्टा, जिथे तारा पुष्कळ आहेत आणि एक तुटली तर दुसरी हजर आहे, तिथे विभाग पाडूच नयेत. सगळे लेव्हल २ वर ठेवावे.

प्रश्न येतो तो गडचिरोलीत, आलापल्लीच्या पुढे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या, पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेच्या पहिल्या टप्प्यात तार तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत एकेरीच गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर झाली. तिच्यात तारांची वर्तुळे करायची आहेत आणि तालुक्यात व ग्रामपंचायतीत राउटर बसवायचे आहेत. बांधणी तालुकावार असली की विभागही तालुकावार पाडण्याचा मोह होतो. कागदावर ते नीटनेटके दिसते. पण भामरागड पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमावर वसले आहे, आणि पुराच्या दिवसांत तालुक्याचा संपर्क तुटणे तिथल्या लोकांना वर्षानुवर्षे ठाऊक आहे. तार रस्त्याकडेने जाते, म्हणून रस्त्याबरोबर तीही धोक्यात येते. समजा, भामरागडचा एक विभाग केला, त्याला दोन दारे दिली, पण दोन्ही दारांच्या तारा आलापल्लीच्या एकाच रस्त्याने गेल्या. नकाशावर दारे दोन आणि पुरात एकही नाही. त्याहून वाईट प्रकार विभाग आतून दुभंगण्याचा. विभागाचा गोंधळ खरोखर आत ठेवायचा तर सीमेवरचा राउटर आतल्या सगळ्या पत्त्यांची एकच मोट बांधून बाहेर सांगतो. मधली तार तुटून विभागाचे दोन तुकडे झाले, तरी दोन्ही दारे पूर्ण मोटेचा दावा करत राहतात. मग बाहेरून आलेला मजकूर चुकीच्या दाराने आत शिरतो आणि तिथेच गडप होतो. पलीकडच्या आरोग्य केंद्राची तार एका बाजूने शाबूत असते, तरी तिथल्या परिचारिकेला डॉक्टरांचा सल्ला मिळत नाही. माझ्या लेखी या विषयातला सर्वांत गंभीर धोका हाच आहे, कारण यंत्रावर सगळे दिवे हिरवे दिसत असतात.

म्हणून विभागाची हद्द तालुक्याने ठरवू नये, तारेच्या वर्तुळाने ठरवावी. आतली कुठलीही एक तार तुटली तरी जो तुटत नाही, त्यालाच विभाग म्हणावे. त्याची दोन दारे दोन वेगळ्या तालुक्यांच्या ठिकाणी, दोन वेगळ्या रस्त्यांवर असावीत. भामरागडचे वर्तुळ एटापल्लीकडून पूर्ण करता येत असेल तर दोन्ही तालुके मिळून एक विभाग व्हावा, आणि ते होईपर्यंत मोट बांधू नये, पत्ते सुटे सांगावेत. कणा थोडा जड होईल, पण खोटे बोलणार नाही. खर्चाचे कारण पुढे येईल, आणि जंगलातून दुसरी तार नेणे महागच आहे. पण पातळ्या ठरवून दुसरी तार वाचवता येते अशी समजूत असेल तर ती सोडायला हवी. पातळी फक्त असलेल्या वाटांचा हिशेब मांडते.

प्रत्यक्ष मांडणीतल्या दोन गोष्टी यासाठी जपाव्या लागतात. अनेक प्रचलित राउटर मुळात दोन्ही पातळ्यांवर चालू असतात. कोणी मुद्दाम बदलले नाही तर ग्रामपंचायतीतला छोटा राउटरही दोन नकाशे बाळगतो आणि आखलेली सीमा कागदावरच राहते. आणि विभागाचा क्रमांक राउटरच्या पत्त्यात असतो. त्यात एक आकडा चुकला आणि दोन्ही शेजारी दोन्ही पातळ्यांवर चालू असले, तर लेव्हल १ चे नाते जुळत नाही, लेव्हल २ चे जुळते, आणि वाहतूक सुरू असल्यामुळे कोणाला काही कळत नाही. अशी चूक पुरातच उघडी पडते. ती आधी पकडायची तर मृग लागण्यापूर्वी, रस्ते कोरडे असताना, विभागातली एकेक तार मुद्दाम बंद करून प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत दोन्ही दारांतून मजकूर पोचतो का ते पाहावे लागेल, आणि जिथे पोचत नाही तिथली सीमा त्याच आठवड्यात हलवावी लागेल.