डोंगर रिकामा नव्हता

२००४ च्या डिसेंबरात आशुतोष गोवारीकरांचा ‘स्वदेस’ पडद्यावर आला. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेत काम करणारा तरुण इंजिनिअर खेड्यात येतो, वाहत्या पाण्यावर वीज तयार करतो आणि एका म्हातारीच्या झोपडीत दिवा लागतो, हे दृश्य अनेकांच्या लक्षात असेल. सिनेमातलं गाव उत्तर भारतातलं असलं तरी चित्रीकरणाचा बराचसा भाग वाईजवळच्या मेणवलीत झाला. ज्या खऱ्या दिव्यांवरून ही कल्पना सुचली असं सांगितलं जातं, ते मात्र कृष्णाकाठी लागले नव्हते. ते लागले महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात, उदई नदीच्या काठच्या बिलगावात.

बिलगावची गोष्ट सिनेमाइतकी एका माणसाची नाही. मुंबई आयआयटीतून अमेरिकेला गेलेले रवी कुचिमंची यांनी १९९१ मध्ये मेरीलँड विद्यापीठात शिकत असताना ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ ही संस्था सुरू केली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते आणि त्यांच्या पत्नी अरविंदा पिल्ललमर्री भारतात परतले आणि नर्मदा खोऱ्यातल्या गावांशी जोडले गेले. यंत्र बसवण्याचं काम केरळहून आलेल्या अनिलकुमार आणि मधू या दोन इंजिनिअरांनी केलं. आधी डोमखेडीत अगदी छोटा प्रयोग झाला, मग बिलगावच्या धबधब्यावर १५ किलोवॉटचा प्रकल्प उभा राहिला. बांध, पाट, खांब या सगळ्यासाठी गावाने श्रमदान केलं. २००३ च्या जानेवारीत बारा पाड्यांवरच्या सुमारे तीनशे घरांत दिवे लागले. २००६ च्या पावसाळ्यात पुराच्या पाण्याने तो प्रकल्प उद्ध्वस्त केला. सिनेमा या पुराच्या खूप आधी संपतो.

शहर सोडून डोंगरात जाऊन साधं राहावं, ही इच्छा आज पुण्या-मुंबईच्या अनेक घरांत बोलली जाते. तिच्यामागचा थकवा खरा आहे, म्हणून तिला हसू नये. पण त्या इच्छेतला डोंगर बहुतेक वेळा रिकामा असतो. झाडं, पाणी, शांतता आणि आपण, एवढंच त्यात असतं. गेल्या पन्नास वर्षांत जी शहरी माणसं खरोखर सातपुड्यात जाऊन राहिली, त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं तर पहिली गोष्ट हीच दिसते की त्यांना तिथे एकांत मिळाला नाही. त्यांना माणसं मिळाली.

नंदुरबार हा तसा नवा जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी तो धुळ्यातून वेगळा झाला. तापीच्या काठाने शहादा-तळोद्याची काळी, सुपीक जमीन आहे. तिथे ऊस, केळी, कापूस पिकतो. उत्तरेला एकदम सातपुडा उभा राहतो. त्यात अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव हे दोन तालुके, आणि डोंगररांगांच्या पलीकडे नर्मदा. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदेचा जो पन्नासेक किलोमीटरचा काठ आला आहे, तो सगळा इथे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, आणि त्यात जवळपास ७० टक्के आदिवासी. डोंगरात पावरा आणि भिल्ल. घरं एकमेकांना खेटून नसतात. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, टेकडीच्या उतारावर. म्हणून खालून बघणाऱ्याला वाटतं की इथे कुणी नाही. संध्याकाळी चुली पेटल्या की किती घरं आहेत ते कळतं.

बाहेरून पहिली मोठी तुकडी आली ती १९७२ च्या सुमारास, आणि ती डोंगरात नव्हे तर पायथ्याच्या शहादा तालुक्यात. त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात पाटीलवाडीत आदिवासींवर गोळीबार झाला होता. सावकारीत गेलेल्या जमिनी, वर्षानुवर्षांची सालदारी, मजुरीतली लूट या प्रश्नांवर अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याने आधीच लोकांना जागं करायला सुरुवात केली होती. ते सर्वोदयाशी जोडलेले होते, आणि गावोगाव बसून बोलणं, भजन करणं ही त्यांची पद्धत होती. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. त्यांच्या हाकेला ओ देऊन पुण्या-मुंबईची शिकलेली मुलं शहाद्यात आली आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली.

त्या मुलांमध्ये कुमार शिराळकर होते. मुंबई आयआयटीचे इंजिनिअर, हातात चांगली नोकरी. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमशिबिरांतून ते या कामाकडे वळले. कादंबरीकार दीनानाथ मनोहरही याच काळात इकडे आले. अंबरसिंग महाराजांचं १९७४ मध्येच, अकाली निधन झालं. पुढची सगळी वर्षं शिराळकर शेतमजुरांच्या चळवळीत राहिले, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीपर्यंत गेले, पण नंदुरबारशी असलेलं नातं त्यांनी तोडलं नाही. २ ऑक्टोबर २०२२ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. म्हणजे पन्नास वर्षं. पंचविशीतल्या आवेशावर पन्नास वर्षं निघत नाहीत.

शहाद्यात त्या मुलांनी जे पाहिलं त्यात एक गोष्ट विशेष आहे. दारूविरोधी मोहीम त्यांनी आखलेली नव्हती. गावातल्या बायका स्वतः पुढे आल्या. त्यांनी एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊन दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भर चौकात जाब विचारला. पुढे स्त्रीमुक्तीच्या चळवळीत या बायकांचा दाखला वारंवार दिला गेला, आणि मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी शहाद्याच्या चळवळीवर लिहिलं. या भागात दारूबंदीचा विचार नवा नव्हता. १९३७-३८ मध्ये तळोदा तालुक्यातल्या मोरवड-रंजनपूर भागात गुला महाराजांनी ‘आप की जय’ म्हणत हजारो आदिवासींना दारूपासून दूर केलं होतं. शहरातून येणाऱ्यांना वाटतं आपण सुरुवात करतो आहोत. इथली सुरुवात त्यांच्या जन्माआधीच झालेली असते.

डोंगराच्या आतली गोष्ट १९८५ नंतरची. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये पीएच.डी. करणाऱ्या मेधा पाटकर सरदार सरोवर धरणाच्या बुडीत क्षेत्रातली गावं पाहायला नर्मदाकाठी आल्या. प्रबंध अर्धा राहिला, त्या खोऱ्यातच राहिल्या. महाराष्ट्रातली ३३ गावं या धरणात बाधित होणार होती. धरण गुजरातेत बांधलं जात होतं, आणि पाणी कुठवर चढणार हे इथल्या अनेकांना कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. म्हणून पहिलं काम होतं चालणं. रस्ते नव्हते. धडगाव किंवा मोलगीपर्यंत गाडीने जायचं, मग डोंगर उतरून नर्मदेपर्यंत पायी, किंवा नदीतून होडीने. निरोप पायी जायचा आणि उत्तरही पायी यायचं. मेधाताईंपाठोपाठ कितीतरी तरुण आले. मुंबई आयआयटीचे श्रीपाद धर्माधिकारी आले, पत्रकार संजय संगवई आले. संगवईंनी नर्मदेच्या आंदोलनाचा इतिहास पुस्तकरूपाने लिहून ठेवला. २००७ मध्ये, कमी वयात, ते गेले.

या माणसांचं राहणं साधं होतं, हे खरं. पण ते साधेपण त्यांनी बरोबर आणलेलं नव्हतं. ते त्यांना यजमानांनी शिकवलं. सागाचे खांब, कुडाच्या शेणामातीने लिंपलेल्या भिंती, वर कौलं. घरात धान्याची कणगी. ज्वारी-मक्याची भाकर, उडदाची नाही तर तुरीची डाळ, पावसाळ्यात रानभाज्या. उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायची, चारोळी गोळा करायची, कैऱ्या सोलून, चिरून अंगणात आमचूर वाळवायचा. धडगावचा आमचूर दूरदूरच्या बाजारात जातो. मीठ, कापड, रॉकेल एवढ्यासाठीच आठवडी बाजार. घर बांधायचं किंवा शेत निंदायचं असलं की शेजारी जमतात, ज्याचं काम तो जेवण घालतो, पुढच्या वेळी तो दुसऱ्याकडे जातो. याला ‘लाह’ म्हणतात. मजुरीचा हिशेब त्यात नसतो. मात्र कुणी कुणाकडे आलं नाही, याची आठवण गावाला असते. शहरातून आलेल्या माणसाला या व्यवहारात जागा मिळवायला वेळ लागतो, कारण त्याच्याकडे परतफेडीला ना बैल असतो ना कुदळ धरणारा हात.

काही जणांकडे द्यायला अक्षर होतं. गावांची तक्रार अशी की सरकारी शाळा कागदावर आहेत, गुरुजी डोंगर चढून येत नाहीत. १९९१-९२ मध्ये चिमलखेडी आणि निमगव्हाण इथे पहिल्या जीवनशाळा सुरू झाल्या. ‘लडाई-पढाई साथ साथ’ ही त्यांची घोषणा. शाळेची झोपडी गावाने बांधली, धान्य गावाने दिलं. मुलं तिथेच राहून शिकू लागली. पहिले धडे पावरी आणि भिलोरीत, मग मराठी. झाडांची नावं, नदीतले मासे, आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी अभ्यासात आल्या. शिकवणारे बहुतेक गावातलेच, जेमतेम शिकलेले तरुण, आणि त्यांना तयार करायला शहरातून आलेले कार्यकर्ते. दरवर्षी सगळ्या जीवनशाळांचा बालमेळा भरतो. पाणी चढलं तशा काही शाळा उचलून वर न्याव्या लागल्या. शिकणं थांबलं नाही, हे या खोऱ्यातलं फार मोठं काम आहे आणि त्याचं श्रेय आधी त्या पालकांना आहे.

पाणी चढलं ते एका दिवसात नव्हे. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत घरं बुडायला लागली. महाराष्ट्रातलं बुडणारं ते पहिलं गाव. त्याच वर्षी मार्चमध्ये जागतिक बँक या प्रकल्पातून बाहेर पडली होती. १९९९ मध्ये डोमखेडीत लोक आणि कार्यकर्ते छातीपर्यंतच्या पाण्यात उभे राहिले. ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला परवानगी दिली. २०१७ मध्ये धरण १३८.६८ मीटर या पूर्ण उंचीवर गेलं आणि २०१९ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा काठोकाठ भरलं. अनेक कुटुंबं तळोद्याजवळच्या वसाहतींत, सोमावल, रोझवा इथे सपाटीवर आली. त्यांना शेत मिळालं, वीज मिळाली, दवाखाना जवळ आला. मोह, चारोळी, मासे आणि गुरांना मोकळं रान मागे राहिलं. जे डोंगरात राहिले त्यांच्यातल्या आजारी माणसांपर्यंत पोचायला सरकारने नर्मदेच्या पाण्यावर तरंगता दवाखाना चालवला.

इथे साधेपणा आणि गरिबी या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या पाहिजेत. शहरातून आलेला माणूस चार कपड्यांत राहतो तेव्हा त्याने ते निवडलेलं असतं. ताप हटला नाही तर तो मुंबईला जाऊ शकतो. पाड्यावरच्या बाळंतिणीला झोळीत घालून खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, त्यात तिची निवड काय? मानव विकासाच्या मोजणीत नंदुरबार महाराष्ट्रात तळाला राहिलेला आहे. धडगाव-अक्कलकुव्यातलं कुपोषण पावसाळी अधिवेशनात गाजतं. आणि शहरातली माणसं डोंगराकडे निघण्याची स्वप्नं पाहत असताना डोंगरातली माणसं दिवाळीनंतर उलट्या दिशेने जातात. ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत, शेतमजुरीला सौराष्ट्रात. घराला कडी लावून, म्हाताऱ्यांना मागे ठेवून. ज्यांची मुलं जीवनशाळेत राहतात त्यांना निदान मुलांना उसाच्या फडात न्यावं लागत नाही.

चळवळीत आलेल्या सगळ्यांना इथे राहणं जमलं, असं नाही. अनेक जण काही वर्षांनी परतले. कुणाला संसार होता, कुणाची तब्येत साथ देईना. यात कमीपणा काही नाही. परतलेल्यांपैकी धर्माधिकारींसारख्यांनी पुढे पाणी आणि धरणं यांचा कसून अभ्यास केला आणि खोऱ्यात शिकलेलं देशभर वापरलं. बाबा आमटे १९९० मध्ये आनंदवन सोडून नर्मदाकाठी, मध्य प्रदेशातल्या बडवानीजवळ कसरावदला राहायला गेले आणि सुमारे दहा वर्षांनी परत आले. तेव्हा किती वर्षं राहिलात यापेक्षा कुणासाठी राहिलात, हा प्रश्न इथले लोक अधिक विचारतात.

आज एखाद्या कुटुंबाने ठरवलं की धडगावच्या डोंगरात चार गुंठे घ्यावेत आणि छोटं घर बांधून राहावं, तर ते जमणार नाही. मुळशीला, कर्जतला जमतं तसं इथे नाही. अक्राणी आणि अक्कलकुवा हे पाचव्या अनुसूचीतले तालुके आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार शासनाची परवानगी घेऊन जिल्हाधिकाऱ्यांनी मंजुरी दिल्याशिवाय आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला घेता येत नाही. हा कायदा १९७४ चा. शहाद्याच्या सपाटीवर भिल्लांच्या जमिनी कशा गेल्या, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या कलमाची किंमत माहीत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या कसत्या जमिनीचे दावे मान्य व्हायला लागले, तेही इथल्याच कुटुंबांच्या नावाने. त्यामुळे या डोंगरात कुणाला खरंच राहायचं असेल तर आधी एखाद्या शाळेत, दवाखान्यात किंवा संघटनेत काम मागावं लागतं, कुणाच्या तरी ओसरीवर जागा विचारावी लागते, आणि ती विचारायला थोडी तरी पावरी किंवा भिलोरी शिकून घ्यावी लागते.